दुसरे आयुष्य कोणाच्या खात्यावर?

१

स्वतःचेच आयुष्य पुन्हा जगणाऱ्या नायकाची कादंबरी हा आज जगभर मोठ्या आवडीने वाचला जाणारा प्रकार आहे. तिचा सांगाडा साधा असतो. उतारवयाकडे झुकलेला, जगण्यात कोठेतरी हरलेला मनुष्य मरतो किंवा झोपी जातो आणि आपल्याच तारुण्यात जागा होतो. शरीर अठरा वर्षांचे, स्मृती मात्र शाबूत. पुढे काय घडणार हे त्याला ठाऊक असते. इतर कोणालाही नसते. केन ग्रिमवुड यांच्या, १९८८ साली वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळालेल्या 'रिप्ले' या कादंबरीने या सांगाड्याला रूढ रूप दिले. त्याही आधी, १९१५ साली, उस्पेन्स्की या रशियन लेखकाने इव्हान ओसोकिन नावाच्या तरुणाला असेच मागे पाठवले होते. केट अ‍ॅटकिन्सन यांची 'लाइफ आफ्टर लाइफ' (२०१३), क्लेअर नॉर्थ यांची हॅरी ऑगस्टच्या पहिल्या पंधरा आयुष्यांची कादंबरी (२०१४), मॅट हेग यांची 'द मिडनाइट लायब्ररी' (२०२०) ही याच कुळातील नावे. कोरियात तर या सांगाड्यावर क्रमशः कादंबऱ्यांचा आणि दूरदर्शन-मालिकांचा एक उद्योगच उभा राहिला आहे. या प्रकाराला सोयीसाठी 'पुनरायुष्याची कादंबरी' म्हणता येईल.

वेल्सच्या कालयंत्राने १८९५ साली आपला प्रवासी पुढे नेला होता. मानवजातीचे काय होणार, हा त्याचा प्रश्न होता. पुनरायुष्याच्या कादंबरीतील नायकाला मानवजातीच्या भवितव्यात फारसा रस नसतो. त्याचा प्रश्न एकवचनी आहे: माझे काय चुकले, आणि ते दुरुस्त कसे करता येईल? कालप्रवासाच्या कल्पनेचे हे खाजगीकरण नीट तपासले गेलेले नाही. या कादंबऱ्यांच्या आकर्षणाविषयी मराठी चर्चाविश्वात साधारणतः तीन उत्तरे ऐकू येतात: हा पलायनवाद आहे, हे पश्चात्तापाचे शमन आहे, आणि हे आपल्या पुराणांत आधीपासूनच आहे. ही तिन्ही उत्तरे अपुरी आहेत. तिसरे तर अपुरेच नव्हे, उलटे आहे.

२

पलायनवादाचा आरोप प्रथम घ्यावा. पळून जाणारा मनुष्य दूर जातो. पुनरायुष्याचा नायक त्याच घरात, त्याच वर्गात, त्याच परीक्षेच्या बाकावर परत येतो. जे जग त्याला नकोसे झाले होते त्याच जगाचे नियम तो अधिक कसोशीने पाळू लागतो. कोणता अभ्यासक्रम घ्यावा, कोणाशी विवाह करावा, पैसा कोठे गुंतवावा, हेच त्याचे निर्णय. त्याला व्यवस्था बदलायची नसते. तिच्यात वरची जागा हवी असते. पलायनवाद हा शब्द येथे त्या नायकावर अन्याय करतो आणि त्याच वेळी त्याला नको तितके निर्दोषही ठरवतो.

पश्चात्तापाचे उत्तर अधिक प्रतिष्ठित आहे. प्रत्येक मनुष्याच्या मनात न बोललेले शब्द आणि न घेतलेले रस्ते असतात, आणि कादंबरी त्या सलावर फुंकर घालते, असे हे उत्तर सांगते. यात तथ्य नाही असे नाही. परंतु एक साधी कसोटी लावून पाहावी. त्या सकाळी एकट्या नायकाऐवजी सारे गाव, सारे शहर मागे गेले आणि प्रत्येकाला आपले आधीचे आयुष्य आठवत राहिले, अशी कल्पना करावी. आता प्रत्येकाला दुसरी संधी आहे. प्रत्येकाला न बोललेला शब्द बोलता येईल. पश्चात्तापाचे शमन हेच आकर्षणाचे मूळ असते, तर ही कादंबरी अधिक समाधान देणारी ठरली असती. प्रत्यक्षात ती त्या क्षणी कोसळते. घोड्यांच्या शर्यतीचा निकाल सर्वांनाच ठाऊक असेल तर पैज लागत नाही. ज्या प्रेयसीला नायक दुसऱ्यांदा जिंकू पाहतो, तिलाही पहिला संसार आठवत असेल तर ती कदाचित दार उघडणार नाही.

या कसोटीतून निघणारा निष्कर्ष टाळता येत नाही. या कादंबरीचे आकर्षण भूतकाळाचे नसून माहितीच्या मक्तेदारीचे आहे. दुसरी संधी ही गोष्ट वरवरची. आतली ओढ आहे ती एकट्याला पुढचे ठाऊक असण्याची. ग्रिमवुडचा नायक जेफ विन्स्टन १९६३ मध्ये जागा होतो आणि लवकरच केंटकी डर्बीवर पैसे लावतो, हा योगायोग नव्हे. २०२२ सालच्या 'रिबॉर्न रिच' या गाजलेल्या कोरियन मालिकेतील नायक एका उद्योगपतीच्या घराण्यात पुन्हा जन्मतो आणि देशाचा पुढचा आर्थिक इतिहास पाठ असल्याच्या बळावर घराण्याची सूत्रे मिळवू पाहतो. येथे स्मृती हे भांडवल आहे. चूक म्हणजे हुकलेली गुंतवणूक. पश्चात्तापाची भाषा नैतिक वाटते, पण तिचे व्याकरण हिशेबवहीचे आहे.

३

आता तिसरे उत्तर. कालप्रवासाचा विषय निघाला की ककुद्मीची कथा पुढे केली जाते. भागवताच्या नवव्या स्कंधात आणि विष्णुपुराणात ती आली आहे. कुशस्थलीचा राजा ककुद्मी आपली कन्या रेवती हिच्यासाठी वर विचारण्यास ब्रह्मलोकी जातो. तेथे गायन चालू असते, म्हणून क्षणभर थांबतो. गायन संपल्यावर तो आपल्या मनातील वरांची नावे सांगतो, तेव्हा ब्रह्मदेव हसतो. दरम्यान सत्तावीस चतुर्युगे उलटलेली असतात. ती नावे, त्यांची मुले, नातवंडे, गोत्रे, काहीच उरलेले नसते.

या कथेचा स्वदेशी पुरावा म्हणून उपयोग करणारे तिचा शेवट सहसा सांगत नाहीत. ककुद्मीला मागे जाता येत नाही. तशी मागणीही तो करीत नाही. ब्रह्मदेव त्याला नव्या युगातील बलरामाचे नाव सुचवतो, राजा कन्या देऊन तपाला निघून जातो. विष्णुपुराणात तर पुढे आणखी एक मार्मिक तपशील येतो: जुन्या युगातली रेवती नव्या युगाच्या मानाने फार उंच असते, म्हणून बलराम नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून आपल्या काळाच्या मापाची करतो. दुसऱ्या काळातून आलेल्याला येथे लाभ मिळत नाही. त्याला नव्या काळाच्या मापात बसावे लागते. पुनरायुष्याच्या कादंबरीत याच्या नेमके उलटे घडते. तेथे काळालाच नायकाच्या मापाचे केले जाते.

पुनर्जन्माचा दाखलाही असाच फसवा आहे. पुनर्जन्माच्या कल्पनेत कर्म सोबत येते आणि स्मृती पुसली जाते. पुनरायुष्यात स्मृती सोबत येते आणि कर्म पुसले जाते. पहिल्या कल्पनेत मनुष्याला ऋण आठवत नाही, पण फेडावे लागते. दुसऱ्यात ऋण आठवते, पण धनकोच अस्तित्वातून नाहीसा झालेला असतो. या दोहोंना एकाच परंपरेत बसवणे म्हणजे परंपराही न वाचणे आणि कादंबरीही न वाचणे.

रेवतीच्या नावाशी निगडित एक भूगोलही मराठी मुलखात आहे. ऐहोळेच्या इसवी सन ६३४ च्या प्रशस्तीत चालुक्य मंगलेशाने रेवतीद्वीप जिंकल्याचा उल्लेख येतो. हे रेवतीद्वीप म्हणजे सिंधुदुर्गातील, वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाचे रेडी, असे इतिहासकार सामान्यतः मानतात. पुराणातील रेवतीशी या नावाचा संबंध जोडण्याचे कारण नाही. नामसाम्य म्हणूनच ते घ्यावे. पण रेडी आणि त्याच्या लगतची शिरोडा-आरवली ही गावे या चर्चेत अन्य कारणांनी महत्त्वाची आहेत. आयुष्य पुन्हा मिळण्याच्या इच्छेवरची सर्वाधिक वाचली गेलेली मराठी कादंबरी ज्याने लिहिली, तो लेखक १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होता.

४

वि. स. खांडेकर यांची 'ययाति' १९५९ साली प्रसिद्ध झाली. १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि १९७४ चे ज्ञानपीठ यांमुळे तिचे स्थान निश्चित झाले. शिरोडा सोडल्यानंतर दोन दशकांनी, कोल्हापूरच्या वास्तव्यात ती आली. तेव्हा तिला किनाऱ्याचे अपत्य ठरवण्याची गरज नाही. प्रश्न वेगळा आहे. तिच्यावरील समीक्षेने भोग विरुद्ध संयम, ययाति विरुद्ध कच, या द्वंद्वाभोवतीच फेऱ्या घातल्या. खांडेकरांच्या चाहत्यांनी त्यातला बोध उचलला, टीकाकारांनी तो बोधच दोष म्हणून दाखवला. दोन्ही पक्षांनी ही काळाविषयीची कादंबरी आहे हे दुर्लक्षिले.

महाभारताच्या आदिपर्वातील मूळ प्रसंगाची रचना पाहावी. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली जरा येते. त्यावर उपाय एकच: दुसऱ्या कोणी आपले तारुण्य देऊन ती जरा स्वीकारली पाहिजे. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नकार देतात. पुरू होकार देतो. म्हणजे दुसरे तारुण्य येथे शून्यातून निर्माण होत नाही. ते कोणाच्या तरी शरीरातून काढून घ्यावे लागते. काळाची एकूण बेरीज बदलत नाही. एकाच्या खात्यावर जमा झालेली वर्षे दुसऱ्याच्या खात्यातून वजा होतात, आणि हा दुसरा आपलाच मुलगा असतो. ययाति सारी स्मृती शाबूत ठेवून पुन्हा तरुण होतो. पुनरायुष्याच्या नायकाची ही पहिली अट तो पूर्ण करतो. पण आदिपर्वातील कथा खर्चाची बाजू झाकत नाही.

खांडेकरांनी या कथेला ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तीन निवेदक दिले. या योजनेचे महत्त्व शैलीपुरते नाही. पुनरायुष्याची कादंबरी बहुधा एकाच जाणिवेत बंदिस्त राहते, कारण मक्तेदारी टिकवायची तर दुसऱ्याच्या जाणिवेला प्रवेश देता येत नाही. 'ययाति'त देवयानी आणि शर्मिष्ठा बोलू लागतात, तेव्हा नायकाचे आयुष्य हे इतरांच्याही आयुष्याचा भाग असल्याचे वाचकाला विसरता येत नाही. गिरीश कार्नाड यांनी १९६१ च्या आपल्या 'ययाति' या कन्नड नाटकात हा प्रश्न आणखी टोकाला नेला. त्यांनी पुरूला चित्रलेखा ही पत्नी दिली. एका रात्रीत वृद्ध झालेल्या पतीकडे पाहणारी ही नववधू, या त्यागात आपल्याला कोणी विचारले का, असा प्रश्न उभा करते आणि शेवटी आत्महत्या करते. पुरूच्या पितृभक्तीचे गोडवे गाणाऱ्या परंपरेने जो खर्च नोंदवला नव्हता, तो तिने नोंदवला.

पुनरायुष्याच्या कादंबरीला विचारायचा प्रश्न येथून मिळतो: यातली चित्रलेखा कोण? नायक मागे गेल्यामुळे ज्यांचे जगणे रद्द झाले ते लोक कोठे आहेत? त्याच्या पहिल्या आयुष्यातील मुले, मित्र, शेजारी, त्यांच्या चुका आणि त्यांचे आनंद, हे सारे त्याच्या दुरुस्तीच्या सोयीसाठी पुसले गेले. त्यांच्यापैकी कोणाची संमती घेतली गेली नव्हती. पुरूला निदान विचारले गेले होते.

५

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. या प्रकारातील उत्तम कादंबऱ्यांना हे सारे ठाऊक आहे, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. जेफ विन्स्टनला एका पुनरायुष्यात मुलगी होते. पुढच्या वेळी तो जागा होतो तेव्हा ती कधी जन्मलेलीच नसते. त्या कादंबरीतील सर्वांत अस्सल दुःख ते आहे. शेवटी सुटका म्हणून त्याला मिळतो तो अज्ञात भविष्यकाळ. उस्पेन्स्कीचा ओसोकिन सारे ठाऊक असूनही त्याच चुका करतो. तोशिकाझु कावागुची यांच्या कॅफेतील पाहुण्यांना मागे जाता येते, परंतु वर्तमानात काहीही बदलणार नाही या अटीवर. म्हणजे या प्रकारातील जाणते लेखक त्याच्या मूळ प्रलोभनाविरुद्धच लिहीत असतात. प्रलोभन कोणते आहे, हे यावरून अधिकच स्पष्ट होते. जो वाचक पैजेच्या प्रकरणांत रमतो आणि मुलीच्या प्रकरणावरून घाईने पुढे जातो, त्याची आवड ही समीक्षेचा विषय आहे. ती लेखकाच्या पुण्याईवर झाकता येत नाही.

नीत्शेने १८८२ साली मांडलेली कसोटी येथे उपयोगी पडते. हेच आयुष्य, यातल्या प्रत्येक वेदनेसह, याच क्रमाने अनंत वेळा जगावे लागेल असे कोणी सांगितले तर ते तुला मान्य होईल का, असा त्याचा प्रश्न होता. ती स्वीकाराची कसोटी होती. पुनरायुष्याची कादंबरी तिचे विडंबन करते: पुन्हा जगेन, पण सुधारित आवृत्तीत. किर्केगार्दच्या 'पुनरावृत्ती' (१८४३) मधील निवेदक जुना आनंद पुन्हा मिळावा म्हणून बर्लिनला जातो, आणि जागा तीच असूनही त्याला तो सापडत नाही. या दोघांनाही पुनरावृत्तीत माहितीचा लाभ दिसला नव्हता. हा लाभ आजच्या बाजाराने शोधला आहे.

मराठीत जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा याच लाभाला नकार देते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात पोचतात जेथे मराठे पानिपत जिंकले आहेत. इतिहासाचे ज्ञान हेच त्यांचे भांडवल. पण आझाद मैदानातील सभेत ते अध्यक्षाच्या खुर्चीवर जाऊन बसतात आणि भाषण ठोकू लागतात, तेव्हा अध्यक्ष आणि भाषणे यांना कंटाळलेले ते लोक त्यांच्यावर टोमॅटो आणि अंडी फेकतात. दुसऱ्या इतिहासाचे ज्ञान त्या समाजात कवडीमोल ठरते. नारळीकरांनी आपल्या पात्राला स्वतःचे आयुष्य दिले नाही, एका समाजाचा इतिहास दिला; आणि त्या इतिहासापुढे व्यक्तीची शहाणीव हास्यास्पद केली. मराठी विज्ञानकथेच्या चर्चेत या कथेचे कौतुक बहुतेक पानिपतच्या जखमेपुरते झाले. तिच्यातील हा उपहास अधिक मोलाचा आहे.

६

हा वाद केवळ तात्त्विक नाही हे पाहण्यासाठी रेडीत घडणारी अशी एक कादंबरी कल्पून पाहावी. या गावातून लोहखनिज काढले गेले आणि रेडी बंदरातून जहाजांवर चढवले गेले. १९७६ साली याच खाणीच्या परिसरात द्विभुज गणेशाची मूर्ती सापडली, आणि तिच्याभोवती आज मोठे देवस्थान उभे आहे. म्हणजे ज्या खणण्याने मूर्ती दिली त्याच खणण्याने डोंगर नेला. हे गाव सोडून मुंबईत आयुष्य काढलेला कोणी रेडीकर मरतो आणि खाण सुरू होण्याआधीच्या रेडीत, अठराव्या वर्षी जागा होतो.

तो काय करील? या वाङ्मयप्रकाराच्या तर्काप्रमाणे उत्तर ठरलेले आहे: खनिज असलेली जमीन कोणाला कळण्याआधी स्वस्तात घेईल. डोंगर तरीही जाईल, फरक इतकाच की पैसा त्याच्याकडे येईल. समजा तो सज्जन आहे आणि त्याला डोंगर वाचवायचा आहे. येथे कादंबरी अडखळते. डोंगर एकट्याने वाचत नाही. गावाला सोबत घ्यावे लागेल, कुळांना आणि जमीनमालकांना एकत्र बसवावे लागेल, रोजगाराची गरज असलेल्या घरांना पर्याय दाखवावा लागेल. गावाला पुढचे आठवत नाही. त्याची स्मृती गावाच्या दृष्टीने एका तरुणाची बडबड आहे. तिला शब्द देणे, पटवून देणे, विरोध ऐकून घेणे याला राजकारण म्हणतात, आणि ही कादंबरी नेमके तेवढे करू शकत नाही.

मुंबईचा दाखला याहून कठोर आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांपैकी कितीतरी घरांची मुळे कोकणात होती. संपाची अखेर ठाऊक असलेला पुनरायुष्याचा नायक १९८१ मध्येच गिरणी सोडील आणि दुसरा धंदा पाहील. वाचक सुटकेचा निःश्वास टाकील. त्याच्या शेजारच्या साच्यावरचा माणूस मात्र जेथे होता तेथेच राहील. ज्या पराभवाचा अर्थ सामूहिक आहे तो येथे वैयक्तिक दूरदृष्टीच्या अभावात रूपांतरित होतो. संपात उतरलेल्यांची चूक एवढीच, की त्यांना पुढचे ठाऊक नव्हते! इतिहासाचे याहून क्रूर भाष्य शोधून सापडणार नाही, आणि ते रंजनाच्या आवरणात येते म्हणून कोणाला खटकत नाही.

७

याला पर्याय आहे, आणि तो याच किनाऱ्यावर लिहिला गेला आहे. जयवंत दळवी यांचे 'सारे प्रवासी घडीचे' (१९६४) हे आरवलीच्या माणसांचे पुस्तक. त्यातही प्रौढ जाणीव लहानपणाच्या गावात परत जाते. निवेदकाला प्रत्येकाचा शेवट ठाऊक असतो. पुनरायुष्याच्या नायकाइतकीच त्याच्याकडे आगाऊ माहिती आहे, परंतु त्या माहितीने त्याला कोणावरही सत्ता मिळत नाही. तो कोणाला वाचवू शकत नाही, कोणाची जागा घेऊ शकत नाही. म्हणून तो पाहतो, हसतो, आणि ती माणसे आपापल्या विक्षिप्तपणासह स्वतंत्र राहतात. पुस्तकाच्या नावातच प्रवास आहे आणि सारे हा शब्द आहे. एकट्याला परतीचे तिकीट नाही. दळवींच्या या लेखनाला स्मरणरंजन म्हणून खालच्या पायरीवर बसवणारी समीक्षा पुनरायुष्याच्या कादंबरीला मात्र काळाविषयीचे प्रगल्भ चिंतन मानण्यास तयार असते, ही आजच्या अभिरुचीतील मोठी विसंगती आहे. स्मरण मृतांना त्यांचे आयुष्य परत देते. पुनरायुष्य ते पुन्हा काढून घेते.

या कादंबऱ्यांवर बंदी घालावी किंवा त्या वाचणाऱ्यांना हिणवावे, असा याचा अर्थ नव्हे. अठराव्या वर्षी निवडीची संधीच न मिळालेल्या असंख्य माणसांच्या मनात, विशेषतः स्त्रियांच्या मनात, पुन्हा सुरुवात करण्याची इच्छा न्याय्य असते. ती इच्छा गांभीर्याने घ्यायची तर तिला एका भाग्यवान नायकाच्या स्वाधीन करून चालणार नाही. ज्यांना पहिले आयुष्यच धड मिळाले नाही त्यांच्या बाजूने हा वाङ्मयप्रकार अजून फारसा बोललेला नाही. मराठीत अशी कादंबरी उद्या लिहिली गेली आणि विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांपुढे आली, तर तिच्यातील कालतंत्राचे आराखडे काढण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. नायकाखेरीज आणखी कोणाला काही आठवते का? आणि त्याच्या नव्या वर्षांच्या बदल्यात कोणाचे केस पांढरे झाले?